थांबा वाईच, नाडी सुटली

"थांबा वाईच, नाडी सुटली." साहेब ओरडायला लागले की आमचे मामा एवढंच म्हणायचे आणि खाली वाकायचे. आधी उजवा बूट, मग डावा. घाई म्हणून नाही. मामा उठेपर्यंत साहेबच दमलेले असायचे.

मामा म्हणजे आमच्या प्रेस लाइनचे सुपरवायझर. चाकणला प्रेसखाली पत्रा दाबून गाड्यांचे पार्ट बनवणारी आमची कंपनी. असा माणूस तुम्हीही कुठल्यातरी कंपनीत बघितला असेल. नसेल तर आता बघा. ते राजगुरुनगरजवळच्या गावचे. मी हिंगोलीकडचा, नववीत शाळा सुटलेला. माझं नाव त्यांनी कधी घेतलं नाही. "ए हिंगोली" म्हणायचे, आणि घरून कुणी हाक मारल्यासारखं वाटायचं.

चहाच्या सुट्टीत ते गेटबाहेर कंपनीकडं पाठ करून उभे राहत. कुणी कामाचं काढलं तर म्हणत, "ती मागंच हाय ना? पळून जात न्हाई. चहा पी." शिफ्ट सुटली की फोन जेवणाच्या रिकाम्या डब्यात घालून झाकण लावत. घरी मामी डबा घासायला घेतील तेव्हाच फोन बाहेर निघायचा.

खंडेनवमीला मशिनींची पूजा झाल्यावर मी त्यांना नाड्यांची नवी जोडी दिली. "मामा, तुमच्या नाड्या सारख्या सुटतात."

ते इतके हसले की टोपी पडली. "अरं येड्या, सुटत न्हाईत. मी सोडतो. मान वर असली की तोंडातनं उलटं उत्तर जातंय. दोन बूट बांधून व्हईस्तोवर डोकं जाग्यावर येतंय." जोडी मात्र त्यांनी खिशात ठेवली.

पुढं त्यांच्याच शब्दावर मला लाइन लीडर केलं. दहा माणसं हाताखाली, निम्मी आयटीआय केलेली. मला जेवण जाईना. हे काम गेलं तर कुठल्या तोंडानं गावी जाणार?

एकदा मामा नातीच्या बारशाला रजेवर होते आणि प्रेस थांबली. आमच्या प्रेसपुढं सेन्सर असतो. त्याच्या उजेडात हात आला की प्रेस खाली येतच नाही. समोर काही दिसत नव्हतं, तरी मशीन हलेना. बाहेर माल न्यायला ट्रक उभा. साहेब धावत आले.

"सेन्सर बंद करून चालव! नाहीतर उद्यापासून येऊ नकोस."

प्रेसवर लातूरच्या एक ताई होत्या. हातमोजे घालून त्या माझ्याकडं बघत राहिल्या. हो म्हटलं तर त्यांचे हात, नाही म्हटलं तर माझी नोकरी.

"साहेब, एक मिनिट. नाडी सुटली."

"आत्ता? आत्ता नाडी?"

मी वाकलो होतो. उजव्या बुटाला गाठच बसेना. डाव्याला बसली. छातीतली धडधड जरा कमी झाली. उठलो तेव्हा आवाज कापत होता, पण निघाला. "सेन्सर बंद नाही करणार, साहेब. पाच मिनिटं द्या, शोधतो."

सेन्सरच्या अगदी खालच्या टोकाला एका फडक्याची दशी पंख्याच्या वाऱ्यानं हलत होती. फडकं काढलं, प्रेस चालू झाली. ताईंनी मोठा श्वास सोडला. मीही. साहेब ट्रककडं निघून गेले.

दुसऱ्या दिवशी मामांना सगळं सांगितलं. त्यांनी पाठीवर थाप मारली. "ब्येस केलंस. पण फडकं कुणाचं व्हतं?"

"माझंच, मामा."

"मग आजूक एकदा नाडी बांध."

मागच्या महिन्यात मामा रिटायर झाले. निरोपाला चपला घालून आले. इतक्या वर्षांत त्यांची पायाची बोटं मी पहिल्यांदाच बघितली. साहेबांचं भाषण लांबलं, मामा एकदाही वाकले नाहीत. जाताना मला म्हणाले, "हिंगोली, जेवतोस का आता?"

"जेवतो, मामा."

"व्हय ना? मग झालं." आणि चपला वाजवत गेटबाहेर गेले.

त्यांचा लॉकर रिकामा करायला मला सांगितलं होतं. आत फक्त बूट होते. त्यांत मी दिलेल्या नाड्या, टोकं झिजून पार झिपऱ्या झालेल्या. दोन्ही सुटलेल्या.