मुंडक्याचा मान

मिलचा संप होईपर्यंत आमच्या चाळीत दिवसाढवळ्या पुरुषमाणूस दिसायचा नाही. एक तर पाळीला गेलेला, नाहीतर पाळी करून आडवा झालेला. संप सुरू झाला आणि सगळे एकदम गॅलरीत येऊन उभे राहिले. त्यांना काम नाही आणि आम्हा बायकांची त्यांच्यावरून नजर हटत नाही. किस्से साचणार नाहीत तर काय! माझ्याकडे जरा जास्तच साचले. माझी खोली जिन्याला लागून, आणि नाकही लांब, असं सगळी चाळ म्हणते. म्हणू दे. ती माणसं एकेक करून कमी झाली, किस्से आहेत तिथेच आहेत.

हे सगळे दत्ताभाऊंचे. हो, लालबागच्या चाळीत राहून हरणाची शिकार करायला निघालेले दत्ताभाऊ!

*

दत्ताभाऊ समोरच्या मिलमध्ये साचेवाले, म्हणजे कापड विणायच्या मागावर. गाव कोकणात, डोंगराच्या कुशीत. संपात बाकीचे पत्ते कुटायचे, हे गॅलरीत बांबू तासत बसायचे.

"दत्ताभाऊ, कसली काठी?" मी विचारलं.

"काठी नाय वहिनी, तीरकमठा!"

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. त्यांच्या गावात शिमग्याच्या सुमारास भेकराची पारध व्हायची. भेकर म्हणजे लहान हरीण. कायद्याने बंदी तेव्हाही होती, पण गाव ऐकतंय कुठे! बंदुकीचा बार फॉरेस्टवाल्याला ऐकू जातो म्हणून तीर. मटणाचे सगळ्यांना सारखे वाटे, पण मुंडकं मात्र ज्याचा तीर लागला त्याच्या दारात. हळदकुंकू लावून, चार माणसांनी नेऊन ठेवायचं. तो मान.

आणि मुंबईवाल्याला कुणी तीर धरू द्यायचं नाही. चाकरमान्याने हाका घालायचा. रानात आरडाओरडा करून जनावर उठवायचं आणि आपला वाटा घेऊन गप्प घरी जायचं.

"बाप जन्मभर हाक्यातच राहिला," दत्ताभाऊ म्हणाले. "भाऊ मलापण बाहेरचाच म्हणतात. दर पारधीला माझा तीर लागला ना, की बघतो कोण बाहेरचा म्हणतो ते. मग गेली ही मिल खड्ड्यात. राहीन गावातच, ताठ मानेनं."

गॅलरीच्या टोकाला कॉटन वेस्ट भरलेलं पोतं टांगलं. पहिला तीर सुटला, तो पोत्याच्या वरून, माझ्या दोरीवरच्या सुक्या बोंबलांतून आरपार, आणि थेट संडासाच्या दारात रुतला!

आतून आवाज आला, "अरे कोण आहे? येतोय ना बाहेर!"

टमरेल घेऊन तुकारामभाऊ बाहेर आले. हे दत्ताभाऊंच्या बाजूच्याच मागावरचे, साताऱ्याकडचे, जिवाभावाचे दोस्त. दारात थरथरणारा तीर बघितला, त्यात ओवलेला माझा बोंबील बघितला. बोंबील काढून खिशात टाकला.

"दत्ता, तीर तुझा तू घे. ज्याच्या दारात आला, मान त्याचा!"

*

पुढे नेम बसला. पण गावचा लखमा कातकरी, ज्याच्याकडे दत्ताभाऊ शिकत होते, त्याने निरोप धाडला की नेमाचं नंतर बघू, आधी वास घालवा. भेकराला माणसाचा वास लांबून लागतो.

झालं! साबण बंद. खोबरेल बंद. बिडी बंद. गॅलरीत उभं राहून चिमूट चिमूट राख सोडायची आणि वारा कुठून आहे ते बघायचं. ती राख माझ्या पापडांवर.

शेवटी त्यांच्या सुनंदावहिनी भर गॅलरीत कडाडल्या, "अहो, हरणाला चालेल! मला नाय चालायचं!"

त्या दिवशी दत्ताभाऊंनी साबण लावला. सुनंदावहिनींनी स्वतः पाठ चोळली म्हणतात. मी दार लोटलेलं बघितलं, एवढंच.

*

शिमग्याला गावी गेले, तेव्हा भावांनी हसतहसत तीर धरायला एक सकाळ दिली. "धर बाबा, मुंबईची हौस फिटू दे!"

दत्ताभाऊ वाटेवर दबा धरून बसले. शेजारी लखमा. खालून हाका सुरू झाला. आता ज्याने साचाखात्यात उमर काढली, त्याला सांगायला नको. तिथे मागांचा खडखडाट असा, की दहा वर्षांत कान जातात आणि माणूस घरीसुद्धा मोर्चात बोलल्यासारखा बोलतो. दत्ताभाऊंच्या खोलीतली कुजबुज तळमजल्यावर ऐकू यायची!

लखमाने पाचोळ्याचा आवाज ऐकला. त्याने दत्ताभाऊंना कोपर लावलं.

आणि दत्ताभाऊंनी, त्यांच्या मते अगदी हळू, विचारलं, "आलं का रे?"

अख्खं खोरं दणाणलं. भेकर गेलं, ससे गेले, झाडावरची माकडं गेली. लखमा कपाळाला हात लावून म्हणाला, "दादा, तुमी हाक्यातच बरं!"

हा किस्सा दत्ताभाऊ स्वतः सांगायचे. सांगून सगळ्यांत मोठ्यानं हसायचे. 

*

पुढच्या खेपेला ते तुकारामभाऊंना बरोबर घेऊन गेले. सोबत म्हणून.

साचाखात्यात कुणाला कुणाचं ऐकू येत नाही, तेव्हा साचेवाले हातांनी बोलतात. चहा, जॉबर मुकादम आला, धागा तुटला, बायको बाळंत झाली, सगळं हातांनी! ह्या दोघांच्या खोल्या चौकाच्या समोरासमोर, आणि संपातही गप्पा हातांनी चालू. मी कितीदा पडद्याआडून बघून शिकायचा प्रयत्न केला. निम्मंसुद्धा कळलं नाही.

रानात तेच केलं. तुकारामभाऊ समोरच्या टेकाडावर, दत्ताभाऊ खाली वाटेवर. तुटलेला एक धागा हजारांत हेरायची नजर तुकारामभाऊंची. भेकराचा कान जरी हलला तरी दिसायचा. पंजा खाली दाबला, की वारा फिरला, हलू नको. दोन बोटं कानामागे, की जनावर आलं. तोंडातून चकार शब्द नाही.

त्या मोसमात दत्ताभाऊंचा तीर एकदाही फुकट गेला नाही. गावच्या पटाईतांचे जात होते, यांचा नाही! मुंडकं दारात आलं. परत आलं. भाऊ म्हणू लागले, "आमचा दत्ता!" लखमासुद्धा बाजूला सरकून जागा देऊ लागला.

दत्ताभाऊ मुंबईला आले की छाती फुगवून सांगायचे. तुकारामभाऊ बाजूला बसून माना डोलवायचे. मी एकदा विचारलं, "तुकारामभाऊ, तुमच्या दारात नाही का काही आलं?"

"आलं ना, वहिनी," ते म्हणाले. "हाक्याचा वाटा!"

दत्ताभाऊ खोखो हसले. तुकारामभाऊपण हसले. ते थोडं आधी थांबले, एवढंच.

*

संप काही मिटला नाही. विरत गेला, जुन्या लुगड्यासारखा. एके सकाळी तुकारामभाऊ मिलच्या गेटातून आत गेले, ही बातमी ते घरी परत यायच्या आत चाळभर झाली.

दुसऱ्या दिवशी नळावर गाठ पडली. मी हंडा घेऊन मागेच होते.

"तुक्या, आत गेलास?" दत्ताभाऊ गरजले. "चाळीचं तोंड काळं केलंस!"

"तुला गाव आहे. आमच्याकडं पाऊसच नाय, पोरांनी माती खायची?" तुकारामभाऊ म्हणाले. "तुझ्या दारात मुंडक्यावर मुंडकं. माझ्या दारात काय आलं रे? माझा हात नसता तर तुला तिथं शेळी तरी दिसली असती का?"

"गावचा रिवाज आहे तो! बाहेरच्याला मुंडकं नाय देत!"

"हां," तुकारामभाऊ म्हणाले. "बाहेरच्याला."

तुकारामभाऊंचा हंडा अर्धाच भरला होता. तसाच उचलून गेले.

पाणी वाहत होतं. आमच्यापैकी कुणाला नळ बंद करायचं सुचलं नाही.

*

पुढच्या शिमग्याला दत्ताभाऊ एकटेच गेले. भेकरं आली आणि गेली, यांना कळायचंसुद्धा नाही. भावाचा मुलगा दिला समोर उभा करायला, तो हात हलवायचा ते माश्या हाकलतोय असं वाटायचं. मोसम संपता संपता भाऊच म्हणाला, "दत्ता, तू आपला हाक्यात बरा."

ते मुंबईला परत आले. मिलमध्ये जागा नव्हती. काही वर्षांनी तर मिलच राहिली नाही, तेव्हा आत गेलेले तुकारामभाऊही बाहेर आले. दोघे पुन्हा समोरासमोरच्या गॅलरीत. मध्ये तोच चौक. हात मात्र कठड्यावर, गप्प.

मिलच्या जागेवर टॉवर आला. दत्ताभाऊ तिथे वॉचमन लागले. जिथे त्यांचा माग होता, तिथे म्हणे आता काचेचा हॉल आहे. नाताळात त्या हॉलमध्ये दिव्यांची हरणं उभी केली. दत्ताभाऊंनी पहिल्याच दिवशी सगळ्या हरणांची तोंडं फिरवून ठेवली.

सुपरवायझर धावत आला, कानाशी ओरडला. "काका, हे काय केलं?"

"साहेब, दरवाजातून वारा येतो," दत्ताभाऊ म्हणाले. "त्याला पाठ करून उभी राहिली, तर मागचा वासानं कळेल आणि पुढून येणारा दिसेल तरी. नाकाला नाय कळलं, तर डोळ्याला कळू दे त्यांच्या!"

सुपरवायझर हसत सुटला. दत्ताभाऊंनी हरणं परत होती तशी करून ठेवली.

*

एकदा दत्ताभाऊ ड्यूटीवरून येत होते. गल्ली ओलांडायला पाय टाकला आणि मागून टॅक्सी, हॉर्नवर हॉर्न! ज्याला ऐकू येत नाही त्याला हॉर्न काय करणार. मी गॅलरीतून किंचाळले. त्याचाही उपयोग शून्य.

चौकाची एक बाजू गल्लीकडे उघडी. समोरच्या गॅलरीत एक पंजा खाली दाबला गेला.

तो डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसला आणि दत्ताभाऊ जागच्या जागी खिळले. टॅक्सी सदऱ्याला घासून गेली. मग त्यांनी नीट वर बघितलं, हात कुणाचा ते. तुकारामभाऊ कठड्याला टेकून उभे होते.

दोघे बघत राहिले. मग दत्ताभाऊ खाली मान घालून जिना चढून गेले.

*

त्यानंतर गटारी आली. म्हणजे आषाढातली अमावास्या. संध्याकाळी तुकारामभाऊंच्या हिराबाईंनी दार उघडलं आणि अशी किंकाळी फोडली, की खाली टॅक्सी बंद पडली! उंबऱ्यावर ताटात बोकडाचं मुंडकं. वर हळदकुंकू. अमावास्येला!

"करणी! कुणीतरी करणी केली!"

सगळी चाळ गोळा झाली. मीही होतेच. हिराबाईंनी केरसुणीने ते मुंडकं लोटत नेलं आणि खाली गटारात टाकलं. ताटसुद्धा! दाराला लिंबू-मिरची बांधली. संशय आला तळमजल्यावरच्या नव्या भाडेकरूवर. तो बिचारा शाकाहारी!

तुकारामभाऊ त्याच दिवशी सकाळी साताऱ्याला गेले होते. त्यांची छाती तोवर खराब झाली होती, कापसाने. घाबरतील म्हणून हिराबाईंनी त्यांना काही सांगितलं नाही.

रात्रपाळीला जाताना दत्ताभाऊ गटारापाशी थांबलेले दिसले मला. बराच वेळ. मला वाटलं, मुंडकं बघून बिचारे घाबरले.

*

तुकारामभाऊंना परळच्या हॉस्पिटलात ठेवलं, तेव्हा सुनंदावहिनी एकदा माझ्याकडे बसायला आल्या आणि रडायला लागल्या. "खाटकाकडून स्वतः निवडून आणलं होतं हो यांनी. म्हणाले, इतक्या वर्षांनी देतोय, घेईल का तुक्या? आणि त्यांनी गटारात फेकलं."



माझ्या पोटात काही राहत नाही, हे जगजाहीर आहे. मी तशीच उठून हॉस्पिटल गाठलं आणि व्हरांड्यात हिराबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी स्वतःच्या तोंडात मारून घेतलं, आत गेल्या आणि नवऱ्याच्या डोळ्यांसमोर बसून सावकाश, ओठ हलवून हलवून सांगितलं. तुकारामभाऊंच्या घशात नळी होती, बोलता येत नव्हतं. त्यांनी फक्त समोर बोट केलं, जसं काही चौकापलीकडची गॅलरी तिथेच आहे.

दत्ताभाऊंना मीच घेऊन गेले. युनिफॉर्ममध्येच होते.  वॉर्डच्या दारापर्यंत आले आणि थांबले. 

खाटेवरून तुकारामभाऊंनी त्यांना बघितलं. चादरीखालून हात काढला.  मग दोन बोटं कानामागे नेली.

दत्ताभाऊंनी दारातच चपला काढल्या. डावा हात सरळ पुढे धरला, उजवा सावकाश मागे ओढला, गालापर्यंत, आणि श्वास रोखून उभे राहिले.

"बाबा, आत तरी जा, नाहीतर वाट तरी सोडा!" मागून नर्स म्हणाली.

त्यांना कुठलं ऐकू येणार!

खाटेवर तुकारामभाऊंनी पंजा हळूच खाली दाबला.