रजेवरच्या गोचिडी

माझ्या आत्याला ऑफिसात सगळे गोचीडबाई म्हणतात, तेही तोंडावर. तिला त्याचं काही नाही. "गाढवबाई म्हणत नाहीत ना, मग झालं," म्हणते. राग मला येतो, म्हणून हे लिहायला बसले आहे.

गुरांच्या दवाखान्यामागच्या दोन खोल्या, एक फ्रीज, एक सूक्ष्मदर्शक आणि कापसाची बुचं लावलेल्या नळ्यांतल्या जिवंत गोचिडी, हा पंचवीस वर्षं आत्याचा संसार होता. गोचिडीचा पाय कापायचा, तिथून येणारा थेंबभर रस काचेवर घ्यायचा, रंगवायचा आणि बघायचं. बारीक लाल दांड्या दिसल्या की समजायचं, हिच्यात तापाचे जिवाणू आहेत. ती माणसाला चावली की ताप, अंगभर पुरळ आणि उशीर झाला तर मूत्रपिंडं बंद. औषध साधं आहे, दोन दिवसांत गुण येतो; फक्त ते वेळेत सुचायला हवं. आजी म्हणायची, "एवढं शिकून पोरीनं काय केलं, तर गोचिडींचे पाय मोडले!"

डोंगरातल्या वस्त्यांवर दर वर्षी गवत वाढलं की माणसं तापानं फणफणायची. तीन वर्षांत सात जण गेले. आत्याचं म्हणणं, हा गोचिडीचा ताप. तिच्या ऑफिसच्या साहेबांचं म्हणणं, तिथे गोचीडच नाही. पुरावा साहेबांकडे होता. ऑफिसची माणसं पांढरं फडकं गवतावरून ओढत न्यायची आणि त्याला चिकटलेल्या गोचिडी मोजायची. तीन वर्षं फडकं कोरं.

एकदा आत्याच त्यांच्याबरोबर गेली, तेव्हा खरी गंमत कळली. दहाला हजेरीपटावर सही, मग चहा, मग जीप. गवतात पोचेपर्यंत बारा. भर उन्हात गोचीड गवताच्या शेंड्यावर कशाला बसेल? ती खाली ओल्या पाचोळ्यात जाऊन पडते.

"तिला काय तुमच्या ऑफिसची वेळ पाठ आहे?" आत्या त्यांच्यावर खेकसली.

दुसऱ्या दिवशी ती पहिल्या बसने एकटीच गेली. सातच्या सुमारास फडकं ओढलं, तर एक्केचाळीस गोचिडी. नऊ जणींच्या रसात लाल दांड्या. काचा घेऊन ती साहेबांकडे गेली, तर त्यांनी हजेरीपट पुढे सरकवला.

"बाई, त्या दिवशी तुमची सही नाही. म्हणजे तुम्ही रजेवर. रजेवर गोळा केलेला नमुना आम्ही धरत नाही."

"मी रजेवर असेन साहेब, गोचिडी ड्युटीवर होत्या."

साहेब हसले नाहीत. अहवाल टाइप झाला: परिसरात गोचीड आढळत नाही. खाली आत्याच्या सहीला जागा. ती सही झाली असती तर सगळ्या दवाखान्यांना पत्र गेलं असतं, की गोचिडीच्या तापाचा विचारच करू नका. सही केली तर बढती, नाही केली तर भांडारात बदली.

माझे बाबा तिचे धाकटे भाऊ. ते काकुळतीला आले. "ताई, एक सही आहे गं. चार वर्षं राहिलीत निवृत्तीला. पाण्यात राहून माशाशी वैर कशाला?"

"मासा मोठा आहे म्हणून पाणी त्याच्या बापाचं होत नाही," ती म्हणाली आणि भांडारात जाऊन बसली.

तिथूनच तिने वस्त्यांवरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरला हाताने चिठ्ठी लिहिली. ताप आणि पुरळ दिसलं की तपासणीची वाट बघू नका, औषध सुरू करा, चुकलं तर माझ्यावर ढकला. त्या चिठ्ठीखाली मात्र तिने पूर्ण नावाने, ठसठशीत सही केली.

डॉक्टरने ऐकलं. हंगाम संपल्यावर त्याचा फोन आला: तेवीस जण तापले, तेवीसही आपल्या पायांनी घरी गेले. फोन ठेवून आत्या ढसाढसा रडायला लागली.

"अगं, सगळे वाचले ना?" मी विचारलं.

"म्हणूनच," ती म्हणाली. "म्हणजे ते सातही वाचले असते."

महिनाभरात नोटीस आली: परवानगीशिवाय डॉक्टरांना सल्ला दिल्याबद्दल खुलासा करावा. तिने सांगितलं, मी टाइप केलं: "खुलासा देते. त्याआधी, मेलेल्या सात जणांबद्दल कोणाकडे खुलासा मागितला होता, ते कळवावे."

उत्तर आलेलं नाही. आत्या रोज साहेबांच्या टेबलापुढे जाऊन उभी राहते आणि विचारते, "त्या सात जणांचा खुलासा आला का?"