बिटाचा रस आणि दोन थैल्या रक्त

ह्यांच्या बायपासच्या आधी महिनाभर मी ह्यांना बिटाचा रस, खजूर आणि अळिवाचे लाडू देत होते, रक्त वाढावं म्हणून. इथं उत्तरेत, आमच्या अलीगंजचा सब्जीवाला तर मला लांबून बघूनच बीट तोलायला घ्यायचा. आणि ऑपरेशनच्या आदल्या दिवशी भूल देणाऱ्या डॉक्टरणीनं काय म्हणावं? "माताजी, बेहोश करने के बाद इनका दो थैली खून निकालकर रखेंगे, बदले में सलाइन देंगे. ऑपरेशन के बाद इन्हीं का खून वापस, दूसरों का कम लगेगा."

म्हणजे मी महिनाभर खपून वाढवलेलं रक्त ही बाई पातळ करणार! माझं डोकंच फिरलं. मुलगा म्हणाला, "आई, साइन कर दो ना यार." आईला यार म्हणतो मेला! संमतीचा कागद पुढ्यात होता, मी पेन खाली ठेवलं.

"पतले खून से इनका दिल थक गया तो? ये तो सोये रहेंगे, पता किसको चलेगा?"

तेव्हा कुठे तिनं खुर्ची ओढली. म्हणाली, अन्ननलिकेत एक नळी घालतो. हृदय रक्त किती पुढं ढकलतंय ते ती पडद्यावर सतत दाखवते. कमी वाटलं की रक्त काढणं तिथंच थांबवतो. "और माताजी, आपने खून बढ़ाया, तभी तो निकाल पा रहे हैं."

अहो, मग हे आधी सांगायला काय झालं होतं? केली सही.

शुद्धीवर आल्यावर ह्यांनी बसलेल्या घशातून पहिलं वाक्य काढलं, "आता बीट बंद."

घरी फ्रिजमध्ये दोन किलो पडलं होतं, त्याचं काय करायचं ते मात्र सांगितलं नाही.