डब्यातली चिठ्ठी आणि मावशींची टाच

वडील मेंढरांमागं फिरायचे. पायात बाभळीचा काटा मोडला, जखम चिघळली आणि आम्ही तिच्यात हळद भरत राहिलो. अंगात साखर आहे हे सोलापूरच्या दवाखान्यात पाय कापायच्या दिवशी कळलं. गावाकडच्या डॉक्टरनं ते आधीच कागदावर लिहून दिलेलं होतं, पण कागद वाचणारं घरात कोणी नव्हतं. मेंढरं विकली. आई दुसऱ्यांच्या रानात खुरपायला जाऊ लागली.

त्या घरातली मी पहिली पदवीधर. यात लाजण्यासारखं काही नाही, म्हणून सांगते.

आता चाचण्या आखणं ही माझी नोकरी. मोबाईलवर तळपायाचा फोटो काढला की जखम बिघडतेय का, हे सांगणारं एक एआयचं ॲप आहे. ते साखर असलेल्या म्हाताऱ्या माणसांच्या खरंच कामी येतं का, हे बघायचं होतं. निम्म्यांना ॲप, निम्म्यांना नेहमीचा दवाखाना, आणि सहा महिन्यांनी सगळ्यांचे पाय बघून तुलना. कुणाला काय, ते चिठ्ठीनं ठरणार, म्हणजे आमची आवडनिवड मधे येत नाही. सोनारीजवळच्या एका गावात मी स्वतः स्टीलच्या डब्यात चिठ्ठ्या टाकल्या, ॲप मिळणार असेल तर 'होय', नसेल तर 'नाही', आणि डबा हलवला.

आमच्याकडं काही अडलं की देवाला कौल लावतात. मनात प्रश्न धरायचा, चिठ्ठी उचलायची, निघेल ते उत्तर. हे मला लहानपणापासून माहीत. तरी डबा पुढं करताना ते माझ्या डोक्यात आलं नाही.

दोन महिन्यांनी त्या गावात गेले, तर एक मावशी लंगडत आल्या. त्यांना ॲप मिळालं नव्हतं. टाचेचं फडकं सोडलं तसा वास आला.

"मावशी, पट्टी करायला जात नाही का तुम्ही?"

"कशाला? तुझ्याच डब्यात हात घालून इच्यारलं, पायाला धोका हाय का. न्हाय निघालं."

"चिठ्ठी तसलं काही सांगत नसते, मावशी."

"मग डबा कशाला हलवलास गं? चुरमुरे वाटायला?"

बायका हसल्या. मी जीप बोलावली आणि त्यांना धाराशिवला नेलं. टाचेचा तुकडा काढावा लागला.

चाचणीच्या मुख्य डॉक्टरांना मी म्हटलं, दोन्ही गटांचे पाय मधेमधे बघायलाच पाहिजेत.

"मग ॲपचा फरक कमी दिसेल," ते म्हणाले. "आणि आधीच्या नोंदी बाद."

"होऊ द्या, सर. हा आराखडा माझा आहे. मावशींचा पाय सहा महिने कुणी बघायचा नाही, हे मीच लिहिलंय."

त्यांनी आराखडा उघडून ते पान काढलं. मग म्हणाले, "लेखी द्या."

दिलं. नोकरी जाते का राहते, या घोरात महिना गेला.

चाचण्यांना परवानगी देणाऱ्या समितीनं बदल मान्य केला. चाचणी पहिल्यापासून सुरू झाली. आता चिठ्ठ्या नाहीत, गट संगणक ठरवतो, आणि त्याचा तब्येतीशी संबंध नाही हे आम्ही प्रत्येकाला आधी समजावून सांगतो. दोन्ही गटांचे पाय नर्स दर पंधरा दिवसांनी बघते.