सहा नंबरच्या प्लगचं कुंकू

सहा नंबरच्या प्लगच्या दोन्ही तोंडांना कुंकू लागलं होतं. मी भिंग घेऊन पुन्हा पाहिलं. कुंकूच होतं.

प्लग म्हणजे तेलविहिरीतून वर काढलेल्या खडकाचा कापलेला तुकडा, टॉर्चच्या मोठ्या सेलएवढा. विहिरी पुण्यापासून शेकडो मैल दूर. आमच्या लॅबमध्ये खडक कुरिअरने येतो. तो तेल विरघळवणाऱ्या गरम टोल्युइनमध्ये कित्येक दिवस धुवायचा, ओव्हनमध्ये सुकवायचा, वजन करायचं. मग त्यात खारं पाणी भरायचं, मग तेल, आणि महिनाभर ठेवून द्यायचा. कागदोपत्री याला एजिंग म्हणतात, आम्ही मुरवणं म्हणतो. शेवटी एका तोंडातून पाणी दाबायचं आणि दुसऱ्या तोंडातून किती तेल निघतं ते मोजायचं. त्या आकड्यावर क्लायंट विहिरीचं पुढे काय करायचं ते ठरवतो. खडकाची छिद्रं केसाहून बारीक असतात. त्यात कुंकवाची पूड बसली की प्रयोग गुंडाळायचा. त्या थरातला हा एकच प्लग उरला होता, बाकीचे कापतानाच तुटले होते.

शुक्रवारी खंडेनवमी झाली होती. पूजेची तयारी लॅब अटेंडंट मंगलताईंची. खडकीहून येताना वाट वाकडी करून त्या मंडईतून झेंडू आणतात. मी आधीच दारावर नोटीस लावली होती: ‘पूजा मशीनची आहे, खडकाची नाही. नमुन्यांना हात लावू नये.’ धुतलेल्या प्लगला ग्लोव्हजशिवाय शिवायचं नाही, हे मी नव्या माणसाला पहिल्याच दिवशी अर्धा तास ऐकवते. त्यामुळे सोमवारी माझा पारा चढला होता. मंगलताई एजन्सीमार्फत कामाला होत्या. माझी एक मेल गेली असती, तर अकरा वर्षांची नोकरी संपली असती. ती मेल मी लिहायलाही घेतली होती. तेवढ्यात त्यांना बोलावलं.

“नोटीस वाचली होती ना?”

“दोनदा. तुम्हीच वाचायला लावलीत.”

मी प्लग पुढे केला. त्यांनी आधी ग्लोव्हज घातले, मग तो भिंगाखाली धरला. बराच वेळ पाहिला.

“मॅडम, कुंकू आपण करंगळीजवळच्या बोटाने लावतो. इथे एका बाजूला अंगठा आहे, दुसऱ्या बाजूला पहिलं बोट. हे कुणी लावलेलं नाही. हे उचललेलं आहे.”

“कुणी?”

“ओव्हनची पूजा करायच्या आधी आतला प्लग बाहेर कुणी काढला?”

मी काढला होता. करवतीवर चिमटीने कुंकू वाहिलं, आणि त्याच चिमटीत गार झालेला प्लग उचलून काचेच्या डब्यात ठेवला. ग्लोव्हज खिशात होते.

अर्धवट मेल स्क्रीनवर तशीच होती, वर एजन्सीचं नाव. मंगलताईंनी ते वाचलं, हे मला दिसलं. मला फार लाज वाटली. चूक माझी होती, असं म्हटलं आणि त्यांच्यासमोरच मेल डिलीट केली. “असू द्या,” त्या म्हणाल्या. “आधी खडकाचं बघा.”

क्लायंटकडचे इंजिनिअर वानखेडे मूळचे नागपूरचे. त्यांना फोन करून सगळं खरं सांगितलं. दोन्ही तोंडांची पातळ चकती कापता येईल, पण दगड ठिसूळ आहे, हेही सांगितलं. वानखेडेंनी एकच प्रश्न विचारला.

“हळद पण लागली का मॅडम? की नुसतं कुंकूच?”

नुसतं कुंकू, मी म्हणाले.

“मग कापा. तुटला तर कारण रिपोर्टमध्ये तुम्हीच लिहा.”

गोड्या पाण्याने या खडकातली माती फुगते, म्हणून करवतीवर पातळ तेल सोडत कापावं लागतं. मंगलताई तेल सोडत होत्या, मी प्लग सरकवत होते. पहिली चकती सुटली. दुसरी सुटताना बारीक आवाज झाला, मी करवत थांबवून पाहिलं. प्लग शाबूत होता. चीर गेली नव्हती. पुन्हा धुणं, सुकवणं, वजन, सगळं पहिल्यापासून. दोन आठवडे उशीर झाला, पण आकडे स्वच्छ आले. रिपोर्टमध्ये मी ‘हँडलिंग एरर’ लिहिलं. वानखेडेंनी शेजारी पेन्सिलीने ‘शुभ’ लिहून परत पाठवलं.

यंदाच्या खंडेनवमीला नोटीस मंगलताईंनी लिहिली. माझ्यापेक्षा अक्षर चांगलं आणि मजकूर कमी: ‘पूजा झाल्यावर मॅडमनी हात धुवावेत.’

मी धुतले. त्या बघत होत्या.