अण्णाची ट्रायल: मांतोव्हा ते फेरारा, नदीच्या बांधावरून

अण्णाला न विचारता मी दोन सायकली बुक केल्या. तिथून या प्रवासाला सुरुवात झाली, आणि आमच्या भांडणालाही.

अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ. वय त्रेसष्ट, लेथ मशीनवर पस्तीस वर्षं काढून निवृत्त झालेला. बेंगळुरूत हेब्बाळला आमचं एकच घर, खाली तो आणि वहिनी, वर मी. माझा दातांचा दवाखाना इंदिरानगरात. गल्लीत कुणाची सायकल बिघडली की ती आधी अण्णाच्या अंगणात येते. त्याचा एक नियम आहे: दुरुस्त केलेली सायकल स्वतः ट्रायल मारल्याशिवाय परत द्यायची नाही. कारखान्यातली सवय. दुसरा नियम आमच्या रविवारच्या फेरीचा. रस्त्यावर गाड्यांच्या बाजूला तो, आतल्या बाजूला मी. मी पन्नाशी ओलांडली तरी आत मीच.

तीन वर्षांपूर्वी अशाच एका रविवारी मागून आलेल्या टेम्पोचा आरसा त्याला लागला आणि मांडीचं हाड मोडलं. मला साधा ओरखडाही आला नाही, कारण मी आत होते. सहा-आठ महिन्यांत पाय बरा झाला, पण अण्णानं अशी हाय खाल्ली की पुन्हा सायकलवर बसलाच नाही. दुरुस्त्या करायचा, ट्रायल मात्र मला मारायला लावायचा. मी गल्लीला वळसा घालून आले की मान खाली घालून विचारायचा, "ब्रेक कसा वाटला?" ते मला बघवत नसे.

म्हणून मी असा रस्ता शोधत बसले जिथे मागून काही येणारच नाही. तो सापडला उत्तर इटलीत. तिथल्या सपाट मुलखात नद्यांच्या आणि कालव्यांच्या बांधांवरून सायकलींसाठी वाटा आहेत, आणि त्यावर बराच वेळ एकही मोटार दिसत नाही.

"मी बसणार नाही," अण्णा म्हणाला.

"नको बसूस. सामान सांभाळायला ये."

"सरी," तो म्हणाला. कन्नडमध्ये 'सरी' म्हणजे 'ठीक आहे', पण अण्णाच्या तोंडी त्याचा अर्थ 'बघतोच तू काय करतेस' असाही होतो. वहिनीनं चटणीपुडीचे दोन डबे भरून दिले आणि मला बाजूला घेऊन म्हणाली, "यांना बसवल्याशिवाय परत आणू नकोस."

कामाचं आधी सांगते. व्हिसासाठी दोन महिने हाताशी ठेवा. जायचं तर मेच्या मध्यावर जा, जुलैत तिथे भाजून निघाल. बेंगळुरूहून एक विमान बदलून मिलान, तिथून ट्रेननं दीडेक तासात गार्दा सरोवराकाठचं पेस्किएरा. सायकली एका गावात घेऊन दुसऱ्या गावात सोडायची सोय मिळते. आम्हाला सायकलीमागे दिवसाला वीसेक युरो पडले, सोडण्याचे वेगळे.

पेस्किएराच्या दुकानात अण्णानं दोन्ही सायकली उलट्या केल्या, चाकं फिरवून कान लावला, सीटची उंची स्वतः बसवली. दुकानदार हाताची घडी घालून कौतुकानं बघत होता. सगळं झाल्यावर अण्णा म्हणाला, "आता तू ट्रायल मार." आणि स्वतःची सायकल धरून, कुत्र्याला फिरवायला न्यावं तशी, तो स्टेशनकडे चालू लागला. तिथल्या लोकल गाड्यांत सायकलीचं वेगळं तिकीट काढलं की ती डब्यात घेता येते. तो वेरोनाला गाडी बदलून मांतोव्हाला येणार होता.

त्यामुळे पहिले चाळीसेक किलोमीटर मी एकटीनं केले. मिन्चो नदी डोळ्यांना इतकी हिरवी दिसते की आधी मला गॉगलचाच संशय आला. बोर्गेत्तो नावाच्या गावात जुन्या पाणचक्क्या आहेत, तिथे अर्धा तास नुसती बसले. वाट डांबरी, चढ नावाला. त्रास एकच झाला, आणि तो माझ्याच सवयीचा. मी आपली डाव्या कडेनं निघाले होते. समोरून येणारे एक आजोबा ब्रेक मारून थांबले आणि "देस्त्रा, देस्त्रा" म्हणत मला हातानं उजवीकडे ढकलल्यासारखं करू लागले. मी शरमेनं उजवीकडे गेले. पुढच्या वळणाला पुन्हा डावीकडे. आपल्या हाडांतच ती बाजू भरलेली आहे, काय करणार.

मांतोव्हाला पोचले तेव्हा चार वाजले होते आणि पोटात कावळे ओरडत होते. ही चूक तुम्ही करू नका: दुपारी अडीचला स्वयंपाकघरं बंद होतात ती साडेसातला उघडतात. अण्णा तळ्याकाठच्या बाकावर पाव घेऊन बसला होता. आम्ही पावाला चटणीपुडी आणि ऑलिव्ह तेल लावून खाल्लं. समोर तीन बाजूंनी पाणी, पाण्यात राजवाड्याचे बुरूज उलटे पडलेले. "छान आहे," अण्णा म्हणाला. पण त्याची नजर वाटेवरच्या सायकलवाल्यांवरून हलत नव्हती.

संध्याकाळी इथलं प्रसिद्ध तोर्तेल्ली मागवलं. लाल भोपळ्याचं गोडसर सारण भरलेले पिठाचे चौकोन, वर लोणी आणि चीज. अण्णानं एक तोंडात टाकला आणि बराच वेळ चावत राहिला. "घारग्यावर चीज घातलंय यांनी," म्हणाला, आणि पूर्ण प्लेट संपवून माझ्याही प्लेटमधले दोन घेतले.

दुसऱ्या दिवशी मी नदीकाठानं गोव्हेर्नोलो नावाच्या गावाला जाणार होते. अण्णानं पुढचं गाव गाठायला बसची चौकशी करून ठेवली होती. निरोप द्यायला म्हणून तो सायकल हातात धरून तळ्याकाठानं माझ्यासोबत चालत आला. पॉप्लरच्या झाडांवरून कापूस उडत होता, सगळी वाट पांढरी झाली होती. वाटेत एक टपरी लागली. मी बाटली भरून घ्यायला आणि उभ्यानं एक कॉफी प्यायला आत गेले. कॉफी उभ्यानंच प्या, बसलात की महाग होते.

बाहेर आले तर अण्णाची सायकल झाडाला टेकलेली आणि अण्णा गायब. त्याच्या जागी पंचाहत्तरीच्या एक बाई हातात कांद्याच्या पातीची जुडी धरून उभ्या. "माझा भाऊ?" मी मराठीतच विचारलं. त्यांनी जुडीनं झाडांकडे खूण केली.

झाडांमागून अण्णा येत होता. पुढे वेताची टोपली असलेल्या त्या बाईंच्या सायकलवर बसून. पाठ ताठ, चेहरा गंभीर, कान चेनकडे. वळणावर एकदा मागचा ब्रेक दाबून पाहिला, एकदा पुढचा, आणि आमच्यासमोर येऊन पाय टेकले.

"अम्मा, चेन उतरली होती ती बसवलीय," तो त्या बाईंना चक्क मराठीत सांगू लागला. "मागचा ब्रेक स्वल्प ढिला होता, तोही आवळलाय. तेल घाला महिन्यातून एकदा." बाई इटालियनमधून त्याच्या दुप्पट बोलल्या. दोघांचं एकमेकांना नीट कळलेलं दिसलं. जाताना त्यांनी चार पाती त्याच्या हातात कोंबल्या.

मग त्यानं माझ्याकडे पाहिलं, स्वतःच्या काळ्या झालेल्या हातांकडे पाहिलं, आणि आपण काय केलं ते त्याच्या ध्यानात आलं. मला रडू फुटणार होतं. एरवी माझं तोंड कुणी बंद करू शकत नाही, पण त्या क्षणी देवानं अक्कल दिली.

"ब्रेक कसा वाटला?" एवढंच मी विचारलं.

"बरा आहे," तो म्हणाला. रुमालानं हात पुसत राहिला. मग म्हणाला, "तुझं ते गाव किती लांब?"

"वीस-बावीस."

"मध्ये कुठे बस मिळते?"

"हवी तिथे," मी ठोकून दिलं. मला काय माहीत.

अण्णा निघाला. पहिले पाच किलोमीटर दर मिनिटाला मागे वळून बघत. "हॉर्न नाही, काही नाही. मागून कोण येतंय ते कळायचं कसं?" त्याची तक्रार. सवयीनं तो माझ्या उजवीकडे आला, मग घोटाळला. "इथे गाड्या कुठल्या बाजूनं?"

"गाड्याच नाहीत, अण्णा."

त्यानं पुढे-मागे एकदा नीट पाहून घेतलं. मग पायडल मारून माझ्या पुढे गेला. इतक्या वर्षांत तो माझ्या पुढे कधी गेला नव्हता, कायम शेजारी. मागून बघताना मला कळलं की त्याची चालवण्याची ढब किती सुंदर आहे. मी मागे राहून मनसोक्त रडले आणि पॉप्लरच्या कापसावर ढकललं.

एकच मोटाररस्ता ओलांडायचा होता. एक मोटार आमच्यासाठी थांबली. आम्ही हात दाखवून तिला म्हटलं, तुम्ही जा. ती जाईना. चालकानं हात दाखवला, तुम्ही जा. आम्ही पुन्हा हात दाखवला. शेवटी तो काच खाली करून हसू लागला तेव्हा आम्ही ओशाळून पलीकडे गेलो. बेंगळुरूत कोण थांबतं हो?

पुढचे दोन दिवस पो नदीच्या उंच बांधावरून. एका बाजूला रुंद, संथ नदी, दुसऱ्या बाजूला खाली गव्हाची शेतं, बगळे, चर्चचे मनोरे. सावली कमी, म्हणून सकाळी सातला निघा, आणि पाणी गावात भरून घ्या, बांधावर काही मिळत नाही. मुक्काम शेतावरच्या घरांत केला, दोघांना नाश्त्यासकट साधारण ऐंशी युरो. अण्णा दर दहा किलोमीटरला उतरायचा, मांडी चोळायचा, पुन्हा बसायचा. बसबद्दल त्यानं एकदाही विचारलं नाही.

शेवटच्या दुपारी बांधावर पाव खाताना मी तीन वर्षं मनात दडवून ठेवलेलं बोलून टाकलं. "तू बाहेरच्या बाजूला होतास तो माझ्यामुळे. लागायला मला हवं होतं."

अण्णानं कांद्याची शेवटची पात चावून संपवली. "तू आत होतीस म्हणून तर मला या तीन वर्षांत झोप लागली," तो म्हणाला. "वेडी कुठली. चल, ऊन चढतंय."

फेरारात सगळं गावच सायकलवर. पिशव्या अडकवलेल्या आज्या, सुटातले वकील, कडेवरचं मूल पुढच्या सीटवर घेतलेल्या आया. गावाच्या जुन्या तटावरून आम्ही पूर्ण फेरी मारली, आणि अण्णानं भाड्याच्या सायकली सोडण्याआधी दोन्ही चेनना तेल घातलं. दुकानदार नको नको म्हणत होता.

घरी आल्यावर मला धाकधूक होती. बांध वेगळा आणि हेब्बाळ वेगळं. पहिला रविवार असाच गेला. दुसऱ्या रविवारी सकाळी सहाला खालून घंटी वाजली. अण्णा हेल्मेट घालून गेटशी उभा, मागे वहिनी दोन्ही हात पोटाशी घट्ट धरून.

गल्लीच्या तोंडाशी तो नेहमीप्रमाणे उजवीकडे आला. मी ब्रेक मारला, मागून वळसा घेतला आणि त्याच्या उजवीकडे गेले.

"हे काय?"

"आजपासून गाड्यांच्या बाजूला मी. तू आत."

"मी? आत?" त्याच्या चेहऱ्यावर मी त्याची अक्कलदाढ मागितल्याचा भाव. मी पाय टेकून उभी राहिले, हलले नाही. मागून एक बस आली, हॉर्न वाजवून गेली. अण्णाची बोटं हँडलवर पांढरी झाली, मग सैल झाली.

"सरी," तो म्हणाला.

तलावापर्यंत जाऊन आलो, जेमतेम चार किलोमीटर. गेटशी उतरताना त्यानं माझ्याकडे नाराजीनं पाहिलं. "फार मधे मधे सरकतेस तू. बाहेरून चालवायचं शिकावं लागेल तुला. उद्या दाखवतो."

"उद्या सोमवार आहे, अण्णा."

"मग? दवाखाना दहालाच उघडतेस ना?"