खळ्याबाहेर

"उठ. मागं फिर बघू," काकी म्हणाल्या.

मी फिरले. पिवळ्या पंजाबी ड्रेसला मागून डाग लागला होता. भात झोडायला आलेल्या सात-आठ बाया आणि भारे वाहणारे गडी, सगळे बघत होते.

"रास बाटवली गो तुझ्या पोरीनं," काकी आईला म्हणाल्या. माझ्याशी नाहीच बोलल्या.

तेव्हा मी आठवीत होते. आमचं गाव सापगावच्या पुढे. सगळं गाव ज्यांना काकी म्हणायचं त्यांची भातशेती मोठी, आणि आमच्याकडच्या बाया लावणीपासून झोडणीपर्यंत त्यांच्याकडेच राबायच्या. त्यांच्या सारवलेल्या खळ्यात पाय ठेवण्याआधी प्रत्येकीला विचारलं जायचं, "अडचण नाय ना?" पाळी असेल तिने बाहेर थांबायचं.

आदल्या संध्याकाळी मला पहिल्यांदा पाळी आली होती. मी खूप घाबरले होते. आईने तिच्या मऊ झालेल्या साडीच्या घड्या केल्या, कशा घ्यायच्या ते दाखवलं. सकाळी पोर घरी एकटी रडत बसेल म्हणून सोबत नेलं. काकींनी विचारल्यावर म्हणाली, "नाय काकी, ती ल्हान हाय अजून."

डाग दिसल्यावर काकींनी मला उकिरड्याशेजारी बसवलं. आईला सगळं खळं पुन्हा सारवायला लावलं. आई शेण कालवत होती आणि म्हणत होती, "चुकलं काकी. पोर हाय. चुकलं." एक गडी म्हणाला, "औंदा तांदूळ लाल निघायचा." बायाही हसल्या. त्यांत माझी सख्खी मावशी होती.

मला काकींचा राग आला, असं लिहायला हवं. खरं सांगायचं तर तेव्हा आईचा आला.

पुढे शहापूरच्या कॉलेजात गेले. घरातली पहिलीच. पण हे मला तिथे कोणी शिकवलं नाही. मागच्या कापणीला काकींच्या शेतात वाकलेली असताना पाळी आली, तेव्हा लक्षात आलं. लावणीला चिखलात उभ्या असतो तेव्हा कोणी विचारत नाही. कापणीला विचारत नाही. भात त्यांच्या घरात जायची वेळ आली की विचारतात. तेच भात. तेच आमचे हात.

यंदा धाकट्या बहिणीला पाळी आली. मी पॅड आणून दिले, पोट दुखेल तेही आधीच सांगितलं. दोन दिवसांनी आम्ही तिघी काकींकडे कामाला गेलो. आता झोडणी नाही, मळणीचं मशीन येतं, खाली ताडपत्री असते. काकी मात्र तिथेच खुर्ची टाकून बसतात.

"धाकटी झाली का गो मोठी?"

आईने तोंड उघडलं. मी आधी बोलले.

"झाली. परवाच पाळी आली तिला. मला तर कापणीतच आली होती, काकी. तुमी विचारलं नाय."

मशीन अजून सुरू व्हायचं होतं. सगळ्यांना ऐकू गेलं.

"चार बुकं शिकली नि तोंड फुटलं हिला," काकी म्हणाल्या. "बसव तिला तिकडं."

"नाय बसणार. काम करेल, नायतर आमी जातो."

"मग जा."

आम्ही दोघी निघालो. आई आली नाही. तिने पदर खोचला आणि भारा उचलला.

वाटेत बहिणीने विचारलं, "ताय, माझं काय चुकलं?"

"काय नाय."

संध्याकाळी आईने भांडी आपटली. "लावणीला आता कोण बोलवील आपल्याला?"

मी तिला एवढंच सांगितलं, "तुला त्या खळ्यावर जायचं तर जा. माफी मागायची तर तुझ्यापुरती माग. माझ्या नि हिच्या नावानं आता मागायची नाय."